धरण करायचं राहून गेलं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना 'पुण्यातील नामवंत सॉफ्टवेअर अभियंता' असं म्हटलं गेलं. त्यातलं 'नामवंत' सोडलं तर बाकीचं खरं आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'करिअर'. पण मी सॉफ्टवेअरवर बोलणार नाही. त्यावर बोलू शकणारे आपल्याच वर्गात निदान दहा जण निघतील. मी बोलणार आहे ते मी न केलेल्या कामावर, धरणाच्या डिझाइनवर.

त्याला कारण झाला दोन महिन्यांपूर्वीचा एक फोन. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा. ती इथे समोर बसली आहे आणि तिला विचारूनच सांगते आहे. तिची मुलगी यंदा बारावी झाली. मार्क चांगले आहेत. मैत्रीण म्हणाली, "तू तिला जरा समजाव. कॉम्प्युटरला मिळतंय, तर ही सिव्हिल म्हणते. आणि सिव्हिलमध्ये तरी काय, तर धरणं! आमच्या घरात!"

'आमच्या घरात' याचा अर्थ आपल्यापैकी जुन्यांना माहीत आहे. तिच्या आजोळचं गाव शिवसागर जलाशयात गेलं. तिची आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. शाळेत असताना आपण तिच्या घरी डबा खायला जायचो, तेव्हा त्या माउली सांगायच्या की, उन्हाळ्यात पाणी उतरलं की घराच्या जोत्याचे दगड दिसतात. आपण ते भुताच्या गोष्टीसारखं ऐकायचो. तो कुणाचा तरी खरोखरचा उंबरठा होता, हे फार उशिरा कळलं.

मी फोनवर "बघते, बोलते" म्हणाले आणि पंचाईतीत पडले. कारण ती मुलगी जे म्हणत होती, ते मीच एकदा म्हटलं होतं.

आपण नववीत होतो. सप्टेंबर १९९३ मध्ये लातूरचा भूकंप झाला होता आणि त्याच हिवाळ्यात कोयनेलाही मोठे धक्के बसले. बाकं थरथरायची, खिडक्यांच्या काचा वाजायच्या आणि आपण मैदानावर पळायचो. त्यात निम्मी भीती आणि निम्मा तास बुडाल्याचा आनंद असायचा. एकदा परत वर्गात आल्यावर मी विज्ञानाच्या बाईंना विचारलं, "बाई, धरण फुटलं तर कराडला पाणी किती वेळात येईल?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याचं गणित मांडणारी माणसं असतात. मला येत नाही. तू शीक आणि मला सांग." बाई आज आल्या आहेत. बाई, उत्तर द्यायला बत्तीस वर्षं उशीर झाला आहे आणि ते अजूनही माझ्याकडे नाही.

त्या वाक्यावर मी सिव्हिलला गेले. शेवटच्या वर्षाला असताना महिनाभर एका धरणाच्या कामावर प्रशिक्षणाला होते. तिथल्या एका साहेबांनी मला ऑफिसात बसवून ठेवलं. "मुलींना साइटवर कुठे पाठवायचं?" हे त्यांचं म्हणणं. तेवढ्यात कॉलेजात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. कुठलीही शाखा चालत होती. सरकारी भरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं, घरी धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं आणि पहिलाच पगार वडिलांच्या पगाराहून जास्त होता. मी सही केली. त्या साहेबांना दोष देऊन मोकळं व्हायला सोपं आहे, पण सही माझी आहे.

पुढे काही वर्षांनी मी अभियांत्रिकी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आले. एखाद्या वस्तूवर भार आला तर ती कुठे वाकेल, कुठे तडकेल, याचं गणित करणाऱ्या प्रणाली असतात, त्या तपासण्याचं काम. त्या क्षेत्रात 'अबॅकस' हे जगभर वापरलं जाणारं नाव आहे. त्याच्या सोबतच्या पुस्तिकेत सोडवून दाखवलेली उदाहरणं असतात. एका संध्याकाळी मी ती चाळत होते आणि एका उदाहरणावर थांबले. काँक्रीटच्या धरणाला भूकंपात तडे कसे जातात याचं उदाहरण. धरण कोणतं? आपली कोयना.

उंची १०३ मीटर, पायाची रुंदी ७१ मीटर, त्या दिवशी पाणी ९१.७५ मीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आपले आई-वडील अंगणात धावले होते. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्या पहाटेची धरणातल्या यंत्रावर उमटलेली कंपनं आज जगभरचे अभियंते आपली गणितं तपासायला वापरतात. अमेरिकेतला विद्यार्थी असो की चीनमधला, त्याचा प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तो कोयनेवर पाहतो. मी ऑफिसात एकटीच होते. शेजारच्या टेबलावर कुणी असतं, तर त्याला सांगितलं असतं, "हे आमचं आहे."

आता थोडं त्या गणिताबद्दल, कारण या कामाची खरी गोडी तिथे आहे. कोयनेसारखं धरण स्वतःच्या वजनावर उभं असतं. पाणी त्याला आडवं ढकलतं. ९२ मीटर खोल पाणी धरणाच्या दर एक मीटर लांबीला सुमारे ४२०० टनांनी रेटतं. आणि खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. एवढंच असतं तर सोपं होतं. पण तेच पाणी पायाखालच्या खडकाच्या फटींतून शिरतं आणि धरणाला खालून वर उचलायला बघतं, म्हणजे ज्या वजनाच्या भरवशावर आपण उभे आहोत तेच कमी करतं. म्हणून धरणाच्या पोटात गॅलऱ्या ठेवतात, पायात छिद्रं पाडतात आणि झिरपणारं पाणी रोज मोजतात. ते अचानक वाढलं तरी प्रश्न, अचानक थांबलं तरी प्रश्न.

कोयनेला १९६७ साली तडे गेले ते साधारण ६६ मीटर उंचीवर. का? तिथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. धरण आधी दोन टप्प्यांत करायचं ठरलं होतं. काम चालू असताना एकाच टप्प्यात पूर्ण उंचीचं करायचं ठरलं आणि त्यातून हा नेहमीपेक्षा वेगळा आकार आला. शिवाय हा भाग तेव्हा भूकंपाचा मानला जात नव्हता. वजनाच्या पाच टक्के एवढाच आडवा धक्का डिझाइनमध्ये धरला होता. प्रत्यक्षात यंत्राने धरणाला आडवी नोंदलेली कंपनं गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्यावर गेली. हे दोन आकडे थेट एका तागडीत घालता येत नाहीत, पण अंदाज यावा म्हणून सांगते. तरी धरण फुटलं नाही. तडे बुजवले गेले आणि पुढच्या काही वर्षांत मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड टेकू बांधून ते बळकट केलं.

माझ्या धंद्यात चूक सापडली की आम्ही रात्रीत दुरुस्ती पाठवतो आणि सकाळी ग्राहकाला ती कळतही नाही. धरणाच्या कागदावर ज्याने सही केली, त्याची चूक किंवा शहाणपण तो निवृत्त झाल्यावर, कधी तो गेल्यावर कळतं. चाळीस-पन्नास वर्षं काही झालं नाही, तर कुणी फोन करून अभिनंदन करत नाही. हे ज्याला चालत असेल त्याने या कामात यावं.

मग मी त्या मुलीला भेटले. पुण्यात आमच्या घरी आली, वरण-भात जेवली. मी विचारलं, "धरणंच का गं?" ती म्हणाली, "आजी सांगते की एक माणूस दुर्बीण घेऊन आला होता. त्याने डोंगराच्या कडेला चुन्याच्या खुणा केल्या आणि म्हणाला, इथपर्यंत पाणी येणार. आणि मावशी, पाणी खरंच तिथपर्यंत आलं. नदी तर खाली लांब होती. त्याला आधी कसं कळलं?"

मला वाटलं होतं की ती चिडून काही बोलेल. तिला गणित हवं होतं.

मी कागद घेऊन बसले. पाऊस किती पडतो, नदीत किती येतं, त्यातलं किती अडवायचं, यावरून पूर्ण संचय पातळी ठरते. नकाशावर त्या उंचीची रेघ ओढायची. रेघेच्या आतलं घर गेलं, बाहेरचं राहिलं. धरण मीटरभर वर नेलं तर भिंतीत काँक्रीट थोडंसंच वाढतं, पण सपाट खोऱ्यात रेघ पार वाडी ओलांडून जाते. तिने विचारलं, "मग रेघ ओढणाऱ्याला आत कोण राहतं ते माहीत असतं का?" मी म्हटलं, नकाशावर घरांचे चौकोन असतात, नावं नसतात. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी अडवलं होतं. तिच्या आजीच्या वाट्याला कायदा नव्हता, फक्त चुन्याची खूण होती.

आता मैत्रिणीला माझं उत्तर. सगळ्यांसमोर देते, म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही.

मी तिला समजावलं नाही. पण गोड गोड चित्रही रंगवलं नाही. सांगितलं की, कॉम्प्युटरला गेलेल्या मैत्रिणींच्या पगाराशी तुलना केलीस तर निदान पहिली दहा वर्षं त्रास होईल. पदवी एकटी पुरत नाही. पुढे स्ट्रक्चर्स, माती आणि पाया किंवा जलशास्त्र यांपैकी एकात एम.टेक. करावं लागेल. रुरकीच्या आयआयटीत जलसंपदेचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय जल आयोगात जायचं तर यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा. राज्यात एमपीएससीमधून जलसंपदा विभाग. आपल्या धरणांची डिझाइनं नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत होतात, शेजारीच 'मेरी' ही संशोधन संस्था आहे. खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे सांडव्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून बघतात. आणि खासगी सल्लागार कंपन्याही आहेत.

ती म्हणाली, "पण आता नवीन धरणं कुठे होतात?" बरोबर आहे. नव्यांपेक्षा जुन्यांचं काम जास्त आहे. देशात पाच हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत आणि सर्वांत जास्त आपल्या राज्यात. त्यातली पुष्कळ पन्नाशीच्या पुढची, म्हणजे आपल्याहून थोडी मोठी. आपल्याला आता जशी दर वर्षी तपासणी सांगतात, तशी त्यांनाही लागते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते धरण नवंकोरं होतं. २०१९ साली चिपळूण तालुक्यातलं तिवरे फुटलं, ते लहान धरण होतं. गेलेल्या माणसांच्या घरच्यांना त्याने काय फरक पडतो? २०२१ साली धरण सुरक्षा कायदा आला. धरणांची ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी त्याने बंधनकारक केली. त्याला माणसं लागणार आहेत. जुना नकाशा वाचता येणारी, पायाची माती हातात घेऊन बघणारी आणि कॉम्प्युटरने दिलेलं रंगीत चित्र खरं मानण्याआधी दोन प्रश्न विचारणारी. ती चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी आयुष्य काढलं आहे, म्हणून हे शेवटचं जरा ठासून सांगते.

आणि मैत्रिणी, तुझ्या 'आमच्या घरात' बद्दल. तुझ्या आईची जखम मी गणिताने भरून काढू शकत नाही. पण ती रेघ पुढेही कुणीतरी ओढणारच आहे. ज्या मुलीला त्या चौकोनांतल्या निदान एका घराचं नाव पाठ आहे, ती त्या टेबलाशी असावी असं मला वाटतं. निर्णय तुमचा, तुम्ही मायलेकींनी घ्यायचा.

आता एक काम. आपल्यातले दोघं जलसंपदा खात्यात आहेत. त्यांनी दिवाळीनंतर रीतसर परवानगी काढून या मुलीला एखाद्या धरणाची गॅलरी दाखवावी. तिथली ओल, अंधार आणि पाण्याचा थेंब थेंब आवाज ऐकूनही ती सिव्हिलच म्हणाली, तर तिच्या पुस्तकांचा खर्च माझ्याकडे. आणि तिला ऑफिसात बसवून ठेवायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाई, कराडला पाणी किती वेळात येईल, याचं उत्तर आता तिच्याकडून घ्या.