वटवाघळाचा निरोप

एकतेच्या कवितेवर बोला म्हणालात, म्हणून एक तेलुगू काव्य घेऊन आलोय.

मीही घरातला पहिलाच पदवीधर. हैदराबादला शिकताना रूममेटनं गुर्रम जाशुवांचं ‘गब्बिलम’ समजावून सांगितलं. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. काव्य १९४१ चं. कालिदासाच्या यक्षाला निरोप न्यायला मेघ मिळतो. इथं दक्षिणेतल्या एका उपाशी, अस्पृश्य माणसाला वटवाघूळ मिळतं. काशीच्या शिवाला गाऱ्हाणं सांगायचंय. त्याला स्वतःला देवळात मज्जाव. वटवाघूळ मात्र खुशाल आत लटकतं, त्याला कोण जात विचारतो?

निरोप दक्षिणेतून थेट उत्तरेला जातो, वाटेत देश दिसत राहतो. एवढं सोसूनही तो माणूस हा देश आपलाच धरून चालतो. आपलं मानलं म्हणूनच तर गाऱ्हाणं! मला आशा दिसते ती इथं, झेंड्याच्या गाण्यांत तेवढी नाही.

त्या रात्री अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते शाळेत गेलेले नाहीत, तेलुगूचा तर प्रश्नच नाही. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपल्या गावच्या देवळातबी व्हती रं वटवाघळं. आमी भायेरनं बघायचो.”