फोड न भरण्याचं कारण

सन्माननीय अध्यक्ष, ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञ आणि रात्रीच्या गाडीने थेट वॉर्डातून आलेल्या निवासी डॉक्टरांनो, स्वागत समितीच्या वतीने सोलापुरात आपलं मनापासून स्वागत.

यंदाच्या परिषदेत विषाणुसंसर्ग आणि पेम्फिगस हाच विषय घ्यावा, असा माझा आग्रह होता. आपल्याकडे येईपर्यंत पेम्फिगसच्या रुग्णाने तोंडातल्या फोडांवर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाण्यात कित्येक महिने घालवलेले असतात. मग अंगावर फोड येतात, घरचे ‘नागीण’ म्हणतात आणि त्याचं ताट-वाटी वेगळं होतं. वास्तविक हा आजार कोणाकडून कोणाला लागत नाही. रुग्णाच्याच रक्तातली प्रतिपिंडं त्वचेच्या पेशींवर उलटतात, हे बॉइटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्येच दाखवलं. वॉर्डात केळीच्या पानावर निजवलेल्या माणसाच्या उशाशी बसून हे त्याच्या बायकोला सांगणं, हाही उपचारच आहे.

विषाणूमुळे मुळात पेम्फिगस सुरू होतो का, यावर वाद आहे. तो आपण उद्या घालू. मला काळजी आहे ती उपचारादरम्यान शिरणाऱ्या विषाणूची. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पसरिचा यांनी रुजवलेल्या पल्स उपचाराने असंख्य जीव वाचले, पुढे रितुक्सिमॅब आलं. पण याच औषधांनी प्रतिकारशक्ती दबते आणि उघड्या जखमांत हर्पिस सिम्प्लेक्स ठाण मांडतो. भरत आलेल्या जखमा अचानक ठणकू लागतात. आपण ‘आजार उसळला’ म्हणतो आणि स्टिरॉइड वाढवतो. विषाणूला तेच हवं असतं!

अशा वेळी जखमेचा तळ खरवडून जिम्सा रंगात काच पाहावी. पेम्फिगसच्या पेशी सुट्या, गोल, मोठ्या केंद्रकाच्या दिसतात. हर्पिसमध्ये एकाच महाकाय पेशीत अनेक केंद्रकं एकमेकांना खेटून बसलेली असतात. काच नकारार्थी आली तरी संशय सोडू नये, पीसीआर करावा, आणि दाट संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर सुरू करावं. रितुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी तपासताना केवळ पृष्ठभागीय प्रतिजन पाहून थांबू नये. कोअर प्रतिपिंडही पाहावं. जुना, दबलेला संसर्ग तिथेच सापडतो.

बाहेरच्या दालनात सूक्ष्मदर्शक मांडले आहेत, दोन्ही प्रकारच्या काचा तयार आहेत. निवासी डॉक्टरांना आधी बसू द्या, ही ज्येष्ठांना विनंती. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहेच. आता अध्यक्षांनी उद्घाटन करावं, अशी त्यांना विनंती करतो.