मैदान आणि त्यावर खेळणारे
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या मुलांच्या फुटबॉल-सामन्यांच्या बक्षीससमारंभांत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजचे सामने पाहून आपणां सर्वांस आनंद झाला असेल. मुलांचे पाय अजून धुळीनें भरलेले आहेत, आणि त्यांचें लक्ष माझ्या भाषणापेक्षां टेबलावरील चषकांकडे अधिक आहे, हें मी जाणतों. म्हणून फार वेळ घेणार नाहीं. आपल्या देशांतील फुटबॉलचीं मैदानें आणि त्यांवर खेळणारे संघ यांविषयीं चार गोष्टी सांगाव्या, असा माझा विचार आहे. महोत्सव-समितीपुढें आपल्या देवळाच्या पटांगणाचा प्रश्न आलेला आहे. त्याचा निर्णय करितांना या गोष्टी उपयोगीं पडतील, असें मला वाटतें.

हा खेळ आपल्या देशांत आला तो मुख्यतः इंग्रज पलटणींबरोबर. परंतु गोव्यांत तो एका धर्मगुरूच्या हातून आला, असें सांगतात. इ. स. १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे प्रकृति सुधारावी म्हणून बारदेशांतील शिवोली गांवीं येऊन राहिले आणि त्यांनीं तेथील मुलांस हा खेळ शिकविला. पुढें तो गोव्याच्या गांवोगांवीं रुजला. मडगांवच्या फातोर्डा भागांत मोठें स्टेडियम झालें तें १९८९ सालीं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनीं. साळगांवकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स हे संघ तेथें खेळले, आणि २०१४ पासून एफ. सी. गोवा या संघानें त्यास आपलें घर मानिलें. खेळणारे आधीं झाले, स्टेडियम मागाहून आलें, हा क्रम ध्यानांत ठेवा.

कलकत्त्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. २९ जुलै १९११ रोजीं तेथें मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकीं दहा जण अनवाणी खेळले. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जी यांच्या पायांत. ते ख्रिस्ती होते आणि रेव्हरंड म्हणून ओळखले जातात. हजारो लोकांस खेळ दिसतहि नव्हता. त्यांना गोलांची संख्या कळावी म्हणून पतंग उडवीत. आज त्याच शहरांत साल्ट लेकचें प्रचंड स्टेडियम आहे. १९८४ सालीं तें उघडलें, आणि १९९७ च्या जुलैंत ईस्ट बंगाल व मोहन बागान यांचा सामना पाहण्यास तेथें सव्वा लाखाहून अधिक माणसें जमलीं. पण त्या गर्दीचें मूळ जुन्या मैदानांत आहे.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. मुंबईचें कूपरेज मैदान पिंपें करणाऱ्या कारागिरांवरून नांव पावलें. १८९१ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाशीं हें मैदान कायमचें जोडलें गेलें. प्रारंभीं तो चषक गोऱ्या पलटणीच नेत. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. तो चषक आतां बंद पडला आहे. कूपरेजवर खेळणारा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, आणि २०१० सालीं तोहि बंद झाला. पुण्याजवळ बालेवाडीचें क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलें गेलें. तेथें २०१४ पासून एफ. सी. पुणे सिटी हा संघ खेळूं लागला. २०१९ सालीं तो मोडला. सज्जे, खुर्च्या, दिवे सर्व जागच्या जागीं राहिले. पण "हा आमचा संघ" म्हणावयास कोणी उरलें नाहीं.

याच्या उलट कोल्हापूर पाहा. तेथें राजर्षि शाहू स्टेडियमवर जे संघ उतरतात त्यांचीं नांवें ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. ज्या पेठेनें मल्ल घडविले, तिनेंच पुढें चेंडूहि हातीं घेतला. खेळाडू गल्लींतला, वर्गणी पेठेची, आणि सामना असला कीं पेठच्या पेठ स्टेडियमकडे लोटते. ही ईर्षा कधीं कधीं भांडणापर्यंत जाते, तें योग्य नव्हे. परंतु धनी बदलला म्हणून तेथील संघ मोडत नाहीं, कारण पेठ हीच त्याची धनी आहे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फें खेळला.

आपल्या शहरासहि आमखास मैदान आहे. नांव जुन्या दरबाराचें: आम म्हणजे सामान्य लोक, खास म्हणजे निवडक. चेंडूच्या मागें धांवतांना मात्र हा भेद राहत नाहीं. आज येथें खेळलेल्या मुलांत किती धर्मांचीं मुलें होतीं, हें आपण पाहिलेंच.

आतां एक गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. वीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. मोटारी लावण्यास जागा हवी म्हणून मीं तेथील पटांगणावर फरशी घातली आणि फाटकास कुलूप लाविलें. तीन दिवस मुलें फाटकाशीं येऊन उभीं राहिलीं. चौथ्या दिवशीं कोणी आलें नाहीं. महिन्याभरानें एक माता मला म्हणाली, "फादर, तुमी कुलूप लावलं, पोरं आता हमरस्त्याच्या कडंला खेळत्यात." मीं कुलूप काढिलें, परंतु फरशीवर कोण खेळणार? तें पटांगण पुन्हां मैदान झालें नाहीं.

येथें सभागृह बांधावें, ही मागणी अवास्तव आहे असें मी म्हणत नाहीं. मुलीच्या लग्नासाठीं मंगल कार्यालयाचें भाडें देतांना गरीब बापाची काय अवस्था होते, तें मीं पाहिलें आहे. पण सर्व पटांगण त्याखालीं जावें, हें मला मान्य नाहीं. जुन्या कोठीच्या जागीं लहानसें दुमजली सभागृह उभें राहूं शकेल. तें अरुंद होईल, वर चढावें लागेल, उत्पन्नहि कमी येईल. हा तोटा आपण पत्करावा, अशी माझी विनंती आहे. दुपारीं चारपासून अंधार पडेपर्यंत फाटक उघडें असावें, आणि त्याची किल्ली मुलांच्या संघाच्या कप्तानाकडे राहावी.

माझें मत मीं सांगितलें. पुढील रविवारच्या सभेंत निर्णय आपण करावयाचा आहे. मी आज आहें, उद्यां माझी बदली होईल. हीं मुलें मात्र येथेंच राहणार आहेत. त्यांना आतां अधिक तिष्ठत ठेवीत नाहीं. प्रथम हरलेल्या संघानें पुढें यावें. टाळ्या त्यांच्यासाठींहि वाजूं द्या. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.