बक्षीस मिळालेला एक निबंध



आत्ता निबंध स्पर्धेची बक्षिसं देताना मला गुलामगिरीवरचा एक जुना निबंध आठवला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं. हा निबंध त्याच्याही ८८ वर्षं आधीचा, इंग्लंडमधला.

१७८५ साली केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधाला विषय दिला : माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? पंचवीस वर्षांच्या थॉमस क्लार्कसनने लिहायला घेतलं ते नाव कमावण्यासाठी. पण गुलामांच्या व्यापाराची माहिती वाचता वाचता त्याची झोप उडाली. पहिलं बक्षीस मिळालं. घोड्यावरून लंडनला जाताना वेड्समिल गावाजवळ तो उतरला आणि रस्त्याकडेला बसून राहिला. आपण लिहिलं ते खरं असेल, तर हे कुणीतरी थांबवायलाच हवं, हा विचार त्याची पाठ सोडेना.

२२ मे १७८७ रोजी लंडनच्या एका छापखान्यात बारा जण जमले, गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती झाली. क्लार्कसनकडे पुरावे गोळा करायचं काम आलं. बंदरांवर तो खलाशांना गाठून बोलतं करायचा. लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्याला पाण्यात ढकलायचाही प्रयत्न झाला. तिथल्याच एका दुकानात बेड्या उघड विकायला होत्या, त्या त्याने विकत घेतल्या. सोबत जबडा उचकटायचं एक लोखंडी हत्यारही. जहाजावर अन्न नाकारणाऱ्या बंदिवानांच्या तोंडात घास कोंबायला ते वापरत. मुलांनो, उपाशी मरायची मोकळीकसुद्धा माणसाकडून हिरावून घेणारी वस्तू कुणीतरी घडवली होती आणि तिला बाजारभाव होता!

ही लढाई एकट्या क्लार्कसनची नव्हती. ओलाउदा इक्वियानो स्वतः गुलाम होता. पै पै साठवून त्याने स्वतःलाच मालकाकडून विकत घेतलं, १७८९ मध्ये आत्मचरित्र छापलं आणि ते घेऊन गावोगाव फिरला. हजारो घरांनी गुलामांच्या घामाची साखर बंद केली. त्यात बायकांचा वाटा मोठा, आणि त्यांना तर मताचा हक्कही नव्हता.

१७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचं विधेयक फेटाळलं. १८०७ मध्ये हा व्यापार कायद्याने बंद झाला. गुलामगिरी संपवणारा कायदा व्हायला १८३३ उजाडलं. त्यात दोन कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना छदामही नाही. हे सांगताना मला आजही संताप येतो.

क्लार्कसन तरीही थांबला नाही. १८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा ऐंशीव्या वर्षी तो बोलायला उभा राहिला. अमेरिकेत माणसांचे लिलाव अजून चालूच होते.