आधी इशारा, मग दंड

(बोनकोडे येथे वाहनचालकांपुढे केलेले भाषण)



बोनकोडे गावठाणातून पूर्वेकडे निघाले की ठाणे-बेलापूर रस्ता लागतो. त्याच्या एका अंगाला औद्योगिक पट्ट्यातील कारखाने आहेत, दुसऱ्या अंगाला सिडकोने वसविलेली वस्ती. कारखान्यांचा माल, तुर्भ्याच्या बाजार समितीतील भाजीपाला आणि पाळीवर जाणारा कामगार यांची वाट एकच. टेम्पो हाकणारा आणि तोच रस्ता जीव मुठीत धरून ओलांडणारा, हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. म्हणून वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा विचार येथे दोन्ही बाजूंनी केला पाहिजे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. शासनाच्याच अहवालानुसार त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. मृतांत दुचाकीस्वार आणि पादचारी मिळून सहा-दशांशांहून अधिक. तेव्हा भरधाव जाण्याचा हक्क कोणी मागू नये. श्रमिकांच्या चळवळीने तर मुळीच नाही. कॅमेऱ्याला गाडीतल्या माणसाचे वजन कळत नाही आणि त्याला चिरीमिरीही देता येत नाही, हा त्याचा मोठाच गुण होय.

परंतु कायद्याने शासनावरही बंधने घातली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमावलीत नियम १६७-अ घालण्यात आला. त्यानुसार कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी वाहनचालकांना ठळक दिसतील असे इशाऱ्याचे फलक लावणे आवश्यक ठरले. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, तसेच गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, असेही त्यात ठरले. म्हणजे फलक हे शासनाचे कर्तव्य आहे. तो मागणारा चालक सवलत मागत नाही.

यावर आक्षेप येतो की, फलक पाहून चालक तेवढ्यापुरता वेग आवरील आणि पुढे पुन्हा सुसाट सुटेल. परंतु ज्या वळणावर माणसे मरतात तेथे वेग आवरला गेला, तर कॅमेऱ्याचे काम झालेच. लांब पल्ल्यासाठी दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजता येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेत ती सोय आहे, आणि फलक लावल्याने तिला काही बाध येत नाही. ब्रिटनमध्ये तर कॅमेरे लांबून दिसावेत म्हणून ते पिवळे रंगविण्याचा निर्णय २००१ मध्ये झाला. दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याची तेथील पद्धतही २००७ मध्ये बंद झाली. दंड वसूल करणाऱ्याचा हात त्याच पैशात गुंतू नये, हा धडा आपल्याकडेही घेण्यासारखा आहे.

आता हा दंड अखेर कोणाच्या खिशातून जातो, ते पाहावे. कॅमेरा पाटीचा क्रमांक वाचतो, म्हणून सूचना मालकाला जाते. मालकाने ती रक्कम पगारातून वळती केली की भार चालकावर पडतो. सूचना उशिरा आली, तर तीच चूक सुधारण्याआधी तो पाच वेळा करून बसलेला असतो. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील वाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप पुकारला, त्यामागील असंतोष समजून घेतला पाहिजे. शिवाय केंद्रीय कायद्यात हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १००० ते २००० रुपये दंड आहे, मग ती भाजीची गाडी असो की धनिकाची मोटार. एकाचे ते दोन-तीन दिवसांचे वेतन, दुसऱ्याचा एका वेळच्या जेवणाचा खर्च. फिनलंडमध्ये १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत आहे. समतेचे नाव घेणाऱ्यांनी तिचा अभ्यास करावयास हवा.

म्हणून मागणी कॅमेरे काढून टाकण्याची असू नये. प्रत्येक कॅमेऱ्याआधी मराठीत ठळक फलक असावा आणि त्यावर वेगमर्यादा लिहिलेली असावी. यंत्राचे प्रमाणपत्र नागरिकाला पाहता यावे. सूचना वेळेत, छायाचित्रासह यावी आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्यासाठी चालकाला दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये. जमलेल्या दंडाचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे मांडला जावा.

ज्या वर्षी कॅमेऱ्याच्या जागी एकही दंड वसूल झाला नाही आणि एकही माणूस दगावला नाही, ते त्या कॅमेऱ्याच्या यशाचे वर्ष समजावे. तिजोरीत किती भरणा झाला यावर त्याचे मोल ठरू लागले, तर रस्त्याच्या कडेला शासन उभे नसून जकातनाका उभा आहे, असेच लोक म्हणतील.