पोच घेतलीत का?

(रौप्यमहोत्सवी समारंभात माजी सेक्रेटरींनी केलेले भाषण)



आठवणी सांगा म्हटलं की कोणी गणपती सांगतं, कोणी कोजागिरी. मला आठवतं ते गेटबाहेरचं गटाराचं झाकण.

एका पावसाळ्यात ते तुटलं. कोणीतरी खूण म्हणून त्यात झाडाची फांदी खोचली, ती वाहून गेली. पहाटे तळमजल्यावरच्या काकू दूध आणायला निघाल्या आणि पाय आत गेला. घोटा मोडला. त्याआधी मी दोनदा कळवलं होतं. म्हणजे फोन केला होता. कोणाला, कधी, कागद काही नाही. काकूंचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, पोच दाखवा." काय दाखवणार?

मग लेटरहेडवर अर्ज केला. दोन प्रती, फोटो, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर. आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, असं ठरवलं. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, रस्ता आमचा नाही. आपल्या पट्ट्यात हे नेहमीचंच. उल्हासनगरला महानगरपालिका, अंबरनाथ-बदलापूरला नगरपरिषदा, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काही एमएमआरडीएने केलेले, एमआयडीसीतले आणखी वेगळे. शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच प्रश्न विचारला: हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे? तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर आलं. त्यानंतर टोलवाटोलवी बंद.

पाहणीला इंजिनिअर आले. झाकण बघितलं, मग आपल्या गेटकडे वळून म्हणाले, "हा रॅम्प कोणी बांधला? फूटपाथ तर तुम्हीच खाल्लाय." खरं होतं. गाड्या सहज आत याव्यात म्हणून आपणच सिमेंट ओतलं होतं. गटारातला गाळ काढायची जागासुद्धा त्याखाली गेली होती.

त्या वर्षीची एजीएम आठवते ना? "तुम्ही तक्रार केलीत म्हणून हे लचांड आलं," असं मला तोंडावर सुनावलं गेलं. साडेतीन तास भांडलो. शेवटी रॅम्प तोडून उतार गेटच्या आत घेतला, खर्च सगळ्यांनी वाटून. दोन मेंबर वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. त्यातले एक आत्ता पहिल्या रांगेत बसून हसतायत. नवीन झाकण चौथ्या पत्राला बसलं.

आता दिवस थोडे बदललेत. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. 13 ऑक्टोबर 2025 च्या आदेशात तर खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख भरपाई सांगितली आहे. नगरपरिषदाही त्यात आल्या. खड्डा लक्षात आणून दिल्यावर 48 तासांत बुजवायचा, असंही म्हटलंय. आता, लक्षात आणून दिल्याचा पुरावा कोणता? तीच आपली शिक्का मारलेली प्रत.

मुंबईत दादाराव बिल्होरे आहेत. 2015 मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात त्यांचा मुलगा गेला, तेव्हापासून ते स्वतः खड्डे बुजवतात. त्यांना नमस्कार. पण बापावर घमेलं उचलायची वेळ यायलाच नको होती.

काकू आज कार्यक्रमाला आल्यात, काठी घेऊन. येताना मला म्हणाल्या, सी विंगसमोरचे पेव्हर ब्लॉक हलतायत. फोटो काढलाय, खांबाचा नंबर घेतलाय. सेक्रेटरीसाहेब, सोमवारी जाऊ या.