सुटीतील वसतिगृह
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वसतिगृहाचा विषय निघाला म्हणजे आपण इमारत, खोल्या आणि देणग्या यांविषयी बोलतो. ते योग्यच आहे. परंतु वर्षातील दीड-दोन महिने ही इमारत कुलूपबंद असते, याचा विचार आपल्या सभांतून क्वचितच होतो. परीक्षा आटोपल्या की खोल्या रिकाम्या करून घ्यावयाच्या, आचाऱ्याने गावी जावयाचे आणि जूनमध्ये पुन्हा दार उघडावयाचे, अशी आपली वहिवाट आहे. ती बदलावी, आणि ज्यांस गरज आहे अशा विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यातही वसतिगृह चालू राहावे, एवढेच आज आम्हांस मांडावयाचे आहे.

ही वहिवाट पडली तेव्हा ती अयोग्य नव्हती. एप्रिलात परीक्षा संपली की जूनपर्यंत विद्यार्थ्यास शहरात फारसे काम नसे. तो घरी जाई, शेतात हात लावी, चार दिवस आईच्या हातचे खाई. आज सुटी केवळ नावाची उरली आहे. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची राज्य प्रवेश परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येते. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' मेच्या प्रारंभी असते. विद्यापीठांच्या कित्येक परीक्षा मेअखेरपर्यंत लांबतात. त्यानंतर निकाल, आणि लागोपाठ प्रवेशाच्या फेऱ्या. म्हणजे ज्या दिवसांत विद्यार्थ्यास छताची, दिव्याची आणि शांततेची सर्वांत अधिक निकड, नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याची वळकटी दाराबाहेर ठेवतो.

ज्याचे घर शहरात आहे त्याचे यात काही बिघडत नाही. बिघडते ते खेड्यातून आलेल्याचे. त्याने कॉट बेसिसवर जागा शोधावी, खानावळीचे पैसे भरावेत, नाही तर गावी परतावे. गावी घर एका खोलीचे. दुपारी पत्रा तापलेला. टंचाईच्या गावात टँकरची वाट पाहण्यात सकाळ सरलेली. अशा घरात पुस्तक उघडणाऱ्या मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु कौतुक केल्याने अभ्यास होत नाही.

याहूनही गंभीर गोष्ट अशी की, गावी गेलेली सर्वच मुले परत येत नाहीत. जूनमध्ये हजेरीपट नव्याने लिहिताना एखादे नाव गळते. तो मुलगा नापास झालेला नसतो. घरात कर्ज असते, मे महिन्यात कोठे तरी रोजंदारी मिळते, आणि 'एक वर्ष थांबू' असे ठरते. ते एक वर्ष बहुधा संपत नाही. मुलींच्या बाबतीत तर मे महिना हा लग्नसराईचाच महिना. सुटीला आलेल्या मुलीस पाहावयास पाहुणे येतात, बोलणी होतात, आणि तिची पेटी वसतिगृहातून मागवून घेण्याची चिठ्ठी येते. तिने शिक्षण सोडले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते तिच्याकडून सोडविले गेलेले असते.

वसतिगृह या संस्थेचा आपल्याकडील इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचा पाया घातला, आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, तसेच त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृहे उभी राहिली. शिक्षण फुकट केले तरी राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर खेड्यातील मूल शाळेपर्यंत पोचत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपणच करीत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण जाणतोच. या थोरांच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे मुलाचे दुसरे घर होते. आणि घर उन्हाळ्यात बंद होत नसते.

आता व्यवहाराचे बोलू. आचारी गावी जातो, तर जाऊ द्यावा. त्यालाही घर आहे. राहणाऱ्या दहा-पंधरा विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिठले-भाकरी, वरण-भात करावा. शिधा सर्वांत वाटून घेतला म्हणजे खर्च खानावळीहून कमीच येईल. पाण्याची टंचाई खरी आहे. म्हणून सर्वांस एका मजल्यावर आणावे, इतर नळ बंद ठेवावेत आणि बादलीचा हिशेब ठेवावा. पहाटे व रात्री अभ्यास, भर दुपारी विश्रांती अथवा बसल्या हातांचे काम, असा क्रम उन्हाळ्यास मानवतो. वर्षभर न होणारी कामेही याच दिवसांत होतात. गाद्या उन्हात घालणे, खाटांतील ढेकूण घालविणे, भिंतींस चुना देणे आणि पावसाआधी कौले व पन्हळी साफ करणे, ही कामे मुलांनी करावीत व त्यांच्या भोजनखर्चात तेवढी सूट द्यावी. कमवा आणि शिका हे तत्त्व आपण भिंतीवर लिहिलेच आहे. ते थोडे आचरणातही येईल.

नव्या सत्राची तयारीही येथेच व्हावी. उत्तीर्ण विद्यार्थ्यांकडून पुस्तके मागून घ्यावीत, शिवून-बांधून विषयवार लावावीत. मात्र जुने पुस्तक डोळे मिटून कोणाच्या हाती देऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून बदलला आहे. तेव्हा पुस्तक आधी अभ्यासक्रमाशी ताडून पाहावे. तसेच दाखल्यांचे. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असल्याने तो नव्याने काढावा लागतो. जातीचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणी यांस वेळ लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग लागते आणि एका कागदावाचून प्रवेश वा शिष्यवृत्ती हातची जाते. थोरल्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यात वसतिगृहात बसून धाकट्यांचे अर्ज भरून द्यावेत. यास पैसा लागत नाही. जाणते माणूस लागते.

अधीक्षकांवर बारमाही भार पडेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी शहरातील सभासदांनी आठवड्याची पाळी घ्यावी. मुलींच्या वसतिगृहात ही जबाबदारी आपल्या भगिनींनी पत्करावी. वडीलधाऱ्या बाईंचा तेथे वावर असला म्हणजे गावाकडील आईबापही निर्धास्त राहतील.

आणखी एक. आपल्या मुलांची सोय लावूनही उन्हाळ्यात काही खाटा रिकाम्या राहतील. प्रवेश परीक्षेसाठी आलेले इतर समाजांचे गरजू विद्यार्थी त्यांवर का राहू नयेत? आपल्या पूर्वजांनी समाजापुरती संस्था काढली, कारण त्या काळी हात तेवढाच पोचत होता. आज तो अधिक पोचतो. रिकामी खाट जात विचारीत नाही. आपणही विचारू नये.

शेवटी, येथे बसलेल्या आईवडिलांस आमचे सांगणे आहे. मुलगा सुटीत घरी आला नाही तर तो दुरावला असे मानू नका. चार दिवस तुम्हीच येऊन त्याला भेटा. आणि मुलगी घरी आलीच, तर तिची परतण्याची तारीख ती आली त्याच दिवशी ठरवा व ती मोडू नका. स्थळे पुढेही येतील. गेलेले शैक्षणिक वर्ष मात्र परत येत नाही.

येत्या उन्हाळ्यात निदान एक मजला उघडा राहावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने करावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.